तुम्ही विचारलंत म्हणून : साठ रात्रींची डायरी

"कोरोनाचे दिवस गेले एकदाचे, आता त्यावरचं पुस्तक कशाला वाचायचं?" मी फांग फांग यांची वुहानची डायरी पुढे केली की वाचनालयात हे हमखास ऐकू येतं. परवा तुम्हीही तेच विचारलंत. मागे रांग होती, म्हणून आता नीट सांगते.

फांग फांग वुहानच्या कादंबरीकार. जन्म 1955चा. तरुणपणी चार वर्षं हमाली केली, मग वुहान विद्यापीठात शिकल्या, पुढे हुबेई प्रांताच्या लेखक संघाच्या अध्यक्षही झाल्या. 23 जानेवारी 2020 ला एक कोटीहून जास्त वस्तीचं त्यांचं शहर बंद झालं. 25 तारखेला, चिनी नववर्षाच्या पहिल्या दिवशी, त्यांनी लिहायला घेतलं, ते 24 मार्चपर्यंत. साठ नोंदी. वेइबो या चिनी समाजमाध्यमावर टाकायच्या, तिथून पुसल्या गेल्या की दुसऱ्या लेखिकेच्या खात्यावरून यायच्या. लोक रात्री जागून वाट बघत.

त्यात असतं काय? आज ऊन पडलं की पाऊस. शेजारपाजारच्यांनी मिळून भाजी कशी मागवली. घरातल्या म्हाताऱ्या कुत्र्याचं खाणं संपलं, आता त्याच्यासाठी भात लावायचा. आणि त्याच ओघात, ओळखीतलं कोण गेलं.

13 फेब्रुवारीच्या नोंदीपाशी मी थांबले. डॉक्टर मित्राने पाठवलेल्या एका फोटोबद्दल त्या लिहितात : स्मशानगृहाच्या जमिनीवर मोबाइलचा ढीग, आणि ज्यांचे ते फोन, त्यांची राख झालेली. या एका उल्लेखावरून त्यांना खोटारडं ठरवलं गेलं. फोटो दाखवा, म्हणाले. मला फोटोची गरज पडली नाही. 2021च्या एप्रिलमध्ये बाबा गेले तेव्हा दवाखान्यातून त्यांचा फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिला होता. चार्ज करून पाहिला. सतरा मिस्ड कॉल होते, सगळे माझेच.

पण ही नुसती दुःखाची वही नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. सुरुवातीला लोकांना सांगितलं गेलं होतं की हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही, आटोक्यात ठेवता येतो. चिनी लिपीत हे आठ अक्षरांत मावतं. 20 जानेवारीला खरं काय ते जाहीर झालं, तोवर घरोघरी मेजवान्या चालू होत्या. ती आठ अक्षरं कुणाची, हे फांग फांग पुन्हा पुन्हा विचारतात. आधीच सावध करणाऱ्या ली वेनलियांग या डॉक्टरांना पोलिसांनी समज दिली होती. 7 फेब्रुवारीला तेच या आजाराने गेले. तेव्हाही फांग फांग यांनी लिहिणं थांबवलं नाही. पुढे परदेशी अनुवाद येणार हे कळताच लोकांनी त्यांना देशद्रोही म्हटलं. शहर घरात कोंडलेलं असतानाच जबाबदार कोण हे विचारायला जी छाती लागते, तिच्यासाठी मी हे पुस्तक पुढे करते.

मायकेल बेरी यांचा इंग्रजी अनुवाद आपल्याकडे आहे. एका बैठकीत संपवू नका. त्या वाचकांसारखी रोज रात्री एकच नोंद वाचा. प्रत तुमच्या नावाने काढून ठेवलीय. साठ दिवस ठेवा, दंड लावणार नाही.