अझेलिया, अंड्याची टरफलं आणि मी

गेल्या जानेवारीत घोडबंदर रोडवरच्या एका नर्सरीतून अझेलिया आणली. गेले होते खरं तर कढीपत्त्याचं रोप आणायला. पण कोपऱ्यात गुडघ्याएवढं झुडूप, त्यावर राणी कलरची इतकी फुलं की पानं शोधावी लागत होती, आणि नर्सरीवाला म्हणाला मॅडम कॅलिम्पाँगचा माल आहे, एव्हरग्रीन आहे, आपल्याकडे आरामात होतं, फक्त पाणी घालत राहा. साडेचारशे रुपये. नवरा म्हणाला घरात आहे की एक अ‍ॅडेनियम, परत तेच कशाला. मी म्हटलं अरे ते अ‍ॅडेनियम, हे अझेलिया. फरक मलाही तेव्हा नावापुरताच माहीत होता.

तीन आठवडे मस्त गेले. मग मी सेवा सुरू केली. मोठी कुंडी, लाल माती, शेणखत, आणि कुठल्यातरी रीलमध्ये बघून दर रविवारी अंड्याच्या टरफलांची पूड. मार्चमध्ये पानं पिवळी पडायला लागली, पण नेहमीसारखी नाही, शिरा हिरव्यागार आणि मधला भाग लिंबाच्या सालीसारखा पिवळा, आणि तेही शेंड्याची कोवळी पानं आधी. मला वाटलं उपाशी आहे. अजून शेणखत घातलं, अजून टरफलं घातली. एप्रिलमध्ये निम्मं झाड बोडकं.

शेवटी कुंडी उलटी केली. आत नर्सरीतला मातीचा गोळा जसाच्या तसा होता, आणि त्यातली मुळं म्हणजे अक्षरशः कंगव्यात अडकलेले केस, तेवढीच बारीक, बोट लावलं की तुटतायत. आणि तीन महिन्यांत माझ्या लाल मातीत एकही मूळ शिरलं नव्हतं. एकही! चांगल्या घरात आणून ठेवलेल्या पाहुण्याने बॅगच उघडली नाही असं काहीतरी.

मग वाचत बसले. ही सगळी मंडळी एरिकेसी कुळातली, म्हणजे युरोपातल्या माळरानांवरचं हीदर, सुपरमार्केटमधल्या महागड्या ब्लूबेऱ्या, उत्तराखंडातला बुरांश म्हणजे लाल फुलांचा ऱ्होडोडेंड्रॉन, सगळे चुलत भावंडं. अझेलिया तर ऱ्होडोडेंड्रॉनच. यातल्या बहुतेकांना माती लागते ती आंबट, ओलसर, कुजक्या पाल्याची, जिच्यात अन्न कमी असतं. इतर झाडांच्या मुळांना बारीक लव असते, यांच्या या केसासारख्या मुळांना ती नसतेच. त्याऐवजी एक बुरशी मुळाच्या पेशींच्या आत शिरून वेटोळं घालून बसते आणि कुजलेल्या पाल्यातला नायट्रोजन सोडवून झाडाला देते, बदल्यात झाडाकडून साखर घेते. म्हणजे मी जिला शेणखताचं जेवण वाढत होते तिची खानावळ वेगळीच होती. अझेलियाला मातीचा पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकी माती आंबट) साधारण ४.५ ते ६ हवा. तो वर गेला की मातीत लोह असूनही ते विरघळत नाही, मुळांना मिळत नाही, आणि लोह नाही तर पानात हरितद्रव्य बनत नाही. हिरव्या शिरा आणि पिवळं पान ते हेच. आणि अंड्याचं टरफल म्हणजे काय, तर आंबटपणा मारणारा चुनाच ना शेवटी. मी दर रविवारी तिला चुना लावत होते.

शिवाय आमची बाल्कनी पश्चिमेची. दुपारी तीनला तिथे पापड वाळतात. अझेलियाच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच फांदीच्या टोकाला धरतात आणि मग काही आठवडे थंडी मिळाली की नीट उघडतात. ठाण्यात थंडी किती, तर पहाटे पंखा दोनवर ठेवण्याइतकी.

फुलाबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण फुलं होती तेव्हा मी एक तोडून डायनिंग टेबलवर बसून बघितलं होतं. पाच पाकळ्या वाटतात पण खाली सगळ्या जोडलेल्या, नरसाळं. वरच्या पाकळीवर गडद ठिपके, किड्याला मध कुठे आहे ते दाखवायला. पुंकेसर दहा. गंमत म्हणजे परागकोष जास्वंदीसारखे उघडून पिवळी पूड दिसत नाही, टोकाला फक्त दोन भोकं असतात, वांग्याच्या फुलात असतात तशी. सुई लावली तर भोकातून पांढरा चिकट धागा ओढत बाहेर आला, आणि त्याला पराग लटकलेले. किड्याच्या पायाला असाच चिकटून ओढला जातो म्हणे. पराग सुटे नसतात, चार-चारचे गठ्ठे असतात.

या पुंकेसरांवरून एक जुना घोळ आहे. वनस्पतींचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये पाच पुंकेसरवाली ती अझेलिया आणि दहावाली ती ऱ्होडोडेंड्रॉन असे दोन वेगळे गट केले. आणि माझ्या अझेलियाला दहा! पुढे वनस्पतीवाल्यांनी अझेलियांना ऱ्होडोडेंड्रॉनमध्येच घालून टाकलं, जे मला पटतं, नुसतं मोजून कुठे घराणं ठरतं का.

सासूबाईंनी नेटवर बुरांशचं लाल सरबत बघितलेलं, तर त्या म्हणाल्या अगं हे पण त्यातलंच ना, मग फुलं वाया कशाला घालवायची. घाबरून नाही म्हटलं. अझेलियाच्या पानाफुलात ग्रेयानोटॉक्सिन नावाचं विष असतं, पोटात गेलं तर उलट्या, बीपी खाली, ठोके मंद. इसवीसनपूर्व ४०१ च्या सुमारास काळ्या समुद्राकाठी झेनोफोन या ग्रीक सेनानी-लेखकाच्या सैनिकांनी तिथला मध खाल्ला आणि सगळे दारू प्यायल्यासारखे आडवे झाले, तो मध ऱ्होडोडेंड्रॉनचा होता असं मानतात. मेलं कोणी नाही, दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आले. आणि ऱ्होडोडेंड्रॉन, म्हणजे गुलाबाचं झाड, हे नाव ग्रीक लोक आधी कशाला वापरायचे? कण्हेरीला! आपल्या हायवेच्या डिव्हायडरवरची ती. तीही विषारीच.

तर आता परिस्थिती अशी. लाल माती सगळी काढली, कोकोपीट, कुजलेला पाला आणि ऑर्किडवाल्यांकडे मिळते ती झाडाची साल असं मिश्रण केलं, छोटी कुंडी, पूर्वेच्या बाथरूमच्या खिडकीत. पावसाळ्यात बादलीत पावसाचं पाणी धरून तेच घातलं. एक फांदी जगली. सदाहरित म्हणजे पानं गळतच नाहीत असा माझा समज होता, तर तसंही नाहीये, वसंतातली मोठी पातळ पानं शरदात जातात आणि नंतर आलेली छोटी जाड पानं फांदीच्या टोकाला टिकून राहतात. माझ्याकडे आहेत ती ही दुसरी, नखाएवढी, उजेडात धरली की वर तपकिरी आडवे केस दिसतात.

अकरा पानं आहेत. सासूबाई रोज आंघोळीला जाताना मोजतात. काल बारा म्हणाल्या, मी धावत गेले, तर एक वरच्या मजल्यावरच्या तुळशीचं उडून आलेलं.