मुंबई फिरायची तर गर्दीच्या उलट्या दिशेने

मुंबई बघायला येणाऱ्यांच्या खिशात ठिकाणांची यादी असते: गेटवे, राणीची बाग, सिद्धिविनायक, हाजी अली, जमलं तर घारापुरी. यादी ठीकच असते, घोळ होतो क्रमाचा आणि वेळेचा. सकाळी साडेआठला डोंबिवलीहून दोन मुलं, आजी आणि पाण्याच्या चार बाटल्या घेऊन लोकलमध्ये शिरायचं म्हटलं की दिवस तिथेच संपतो.

शहर उत्तर-दक्षिण लांबट आहे आणि जुनी कचेऱ्यांची वस्ती दक्षिण टोकाला. त्यामुळे सकाळी 8 ते 11 माणसं दक्षिणेकडे लोटतात, संध्याकाळी साडेपाच ते 9 उत्तरेकडे. बाहेरगावची आपली मंडळी बहुधा ठाणे, डोंबिवली, बोरिवलीला नातेवाइकांकडे उतरतात, म्हणजे दोन्ही वेळा गर्दीच्याच दिशेने प्रवास करतात. घरचे आग्रह करतील, तरी दोन रात्री दादर किंवा सीएसएमटीच्या आसपास खोली घ्या. सकाळी उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीत निदान चढता येतं, उतरता येतं. बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) आणि अंधेरीच्या कचेऱ्यांमुळे ती दिशाही आता रिकामी राहिलेली नाही, पण फरक मोठा आहे. नातेवाइकांकडेच राहायचं असेल तर सकाळी 7 च्या आत निघा नाहीतर 11 नंतर, आणि परतीला एकतर पाचच्या आत गाडी पकडा, नाहीतर मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसून नऊ वाजू द्या. डोंबिवलीत असाल तर कल्याण-कर्जतहून भरून येणाऱ्या गाडीच्या नादी न लागता डोंबिवलीहूनच सुटणारी लोकल धरा.

बाहेरगावच्या गाडीतून उतरताना नावं फसवतात. ‘मुंबई सेंट्रल’ स्टेशन मध्य रेल्वेवर नाही, पश्चिम रेल्वेवर आहे. लोकमान्य टिळक टर्मिनसला सगळे ‘कुर्ला टर्मिनस’ म्हणत असले तरी कुर्ल्याची लोकल तिथून सुटत नाही. पायी गाठता येईल असं जवळचं स्टेशन हार्बर लाइनवरचं टिळकनगर. वांद्रे टर्मिनस आणि वांद्रे स्टेशनही वेगळी आहेत, बॅगा ओढत चालण्याइतकी जवळ नाहीत. पुलाने खार स्टेशनवर जाता येतं, रिक्षावाले ते स्वतःहून सांगत नाहीत. कोल्हापूर, नागपूर, नाशिकच्या बऱ्याच गाड्या दादरला थांबतात. मुक्काम पश्चिम रेल्वेच्या बाजूला असेल तर दादरलाच उतरा, कारण मध्य आणि पश्चिम मार्ग तिथे पुलाने जोडलेले आहेत. दादरचे प्लॅटफॉर्म डिसेंबर 2023 पासून सलग मोजले जातात, पश्चिमेचे 1 ते 7, मध्यचे 8 ते 14. जुन्या आठवणीने ‘मध्यच्या तीन नंबरवर भेटू’ असं कुणी म्हणालं तर त्याला आजचा आकडा विचारून घ्या.

लोकलचा इंडिकेटर वाचता आला की निम्मी मुंबई आली. त्यावर गाडी कुठे जाणार त्याचं अक्षर, वेळ, जलद की धीमी, आणि 12 डबे की 15, एवढं असतं. मध्य रेल्वेवर ‘के’ म्हणजे कल्याण, ‘टी’ म्हणजे ठाणे, हे सरळ आहे. पण ‘एन’ म्हणजे कसारा आणि ‘एस’ म्हणजे कर्जत, आणि त्याच पाटीवर दुसऱ्या टोकाला ‘एस’ आला की धीमी. पहिलं अक्षर गावाचं, शेवटचं वेगाचं, एवढं डोक्यात ठेवायचं. जलद गाडी मधली स्टेशनं गाळते. हाजी अलीसाठी महालक्ष्मीला उतरायचं तर धीमीच हवी. भायखळ्याला मात्र मध्यच्या बहुतेक जलद गाड्या थांबतात.

गाडी स्टेशनात वीस-तीस सेकंदच थांबते, म्हणून उतरण्याची तयारी एक स्टेशन आधी सुरू होते. पुढच्या माणसाला ‘दादर उतरणार का?’ विचारायचं. ‘हो’ म्हणाला तर त्याच्या मागे उभं राहायचं, ‘नाही’ म्हणाला तर जागा बदलून पुढे सरकायचं. प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येणार तेही त्यालाच विचारा, दर स्टेशनला ते बदलतं. सॅक पाठीवर न ठेवता पोटावर घ्या, फोन वरच्या खिशात ठेवू नका. गर्दीच्या वेळी वांद्रे किंवा अंधेरीसाठी विरार फास्टमध्ये चढू नये. नियम कुठलाच अडवत नाही, दारातली माणसं अडवतात. त्यांना शेवटपर्यंत जायचं असतं आणि मधल्या स्टेशनवाल्यांसाठी वाट करणं त्यांना परवडत नाही. बोरिवलीची गाडी पाच मिनिटांनी येतेच.

तिकिटात दोन चुका नेहमी होतात. पहिली, साध्या तिकिटावर फर्स्ट क्लासमध्ये शिरणं. फर्स्ट क्लासचा डबा जिथे येतो तिथे प्लॅटफॉर्मच्या खांबांवर तिरके पट्टे रंगवलेले असतात, महिलांच्या डब्याचे पट्टे हिरव्या रंगात. मोकळी बाकं दिसली म्हणून घुसायचं नाही. दुसरी, साध्या तिकिटावर एसी लोकल. ती इतर गाड्यांच्या मधेमधेच येते, दारं आपोआप बंद होतात आणि आत टीसी असतो. दंड कमीत कमी 250 रुपये, वर भाडं वेगळं. सेकंड क्लासचं तिकीट 5 रुपयांपासून सुरू होतं, तेव्हा हा सौदा वाईट आहे. सकाळीच रिटर्न काढून ठेवा, संध्याकाळची चर्चगेटची रांग वाचते. मोबाइलवर काढणार असाल तर स्टेशनात शिरण्याआधी काढा, रुळांपाशी उभं राहून ॲप तिकीट देत नाही.

रविवारी मुंबई मोकळी असेल या हिशेबाने येणाऱ्यांना मेगाब्लॉक भेटतो. रुळांची कामं रविवारी दुपारी होतात, साधारण 11 ते 4. तेवढ्या वेळात जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवतात, हार्बरचा एखादा तुकडा पूर्णच बंद ठेवतात. शनिवारच्या पेपरात कुठल्या मार्गावर कुठून कुठपर्यंत ते छापून येतं. बघून ठेवा आणि ब्लॉक सुरू व्हायच्या आत दक्षिण मुंबईत पोचा.

‘मेट्रो 3’ ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर 2025 पासून आरे ते कफ परेड अशी पूर्ण धावते. पर्यटकाच्या दृष्टीने गेल्या कित्येक वर्षांतली ही सगळ्यात कामाची गोष्ट. विमानतळाची दोन्ही टर्मिनलं, सिद्धिविनायक, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट अशी स्टेशनं एकाच मार्गावर आहेत, तिकीट 10 ते 70 रुपये. वयस्कर माणसं बरोबर असतील तर लोकलचा हट्ट सोडून हीच घ्या. सिद्धिविनायकाला मंगळवार टाळा. नवस मंगळवारचाच असेल तर गोष्ट वेगळी.

दक्षिण मुंबई पायी बघायची. सीएसएमटीची इमारत (1888 साली पूर्ण, जागतिक वारसा 2004) समोरच्या फुटपाथवरून, महापालिकेच्या इमारतीला पाठ देऊन बघा. खाली उभं राहून घुमट दिसत नाही. तिथून हुतात्मा चौक, मग ओव्हल मैदान. मैदानाच्या मधोमध उभं राहिलं की पूर्वेला राजाबाई टॉवर आणि हायकोर्टाची गॉथिक रांग, पश्चिमेला 1930 च्या दशकातल्या आर्ट डेको इमारतींची. या दोन्ही मिळून 2018 मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या. पुढे काळा घोडा, म्युझियम (छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) आणि गेटवे. रमतगमत दोन तास. या भागात रिक्षा नाही. रिक्षा वांद्रे आणि सायनपर्यंतच, पुढे टॅक्सी. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं मीटर 31 रुपयांपासून, रिक्षाचं 26 पासून (फेब्रुवारी 2025 चे दर), दोन्ही पहिल्या दीड किलोमीटरला. रात्री 12 ते पहाटे 5 सव्वापट. ‘मीटरने नाही’ म्हणाला तर पुढची टॅक्सी बघायची, वाद घालण्यात अर्थ नाही.

घारापुरीला अर्धा दिवस राखून ठेवा आणि तो सकाळचाच असू द्या. सोमवारी लेणी बंद. गेटवेवरून लाँच 9 च्या सुमारास सुटायला लागतात, जायला तासभर लागतो, दुपारी दोनच्या पुढे जाणारी लाँच मिळेल असं धरू नका. लाइफ जॅकेट अंगात घाला, मांडीवर ठेवून उपयोग नाही. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी धावते, पण अंतर चालण्यासारखं आहे. खऱ्या पायऱ्या त्यापुढे, सव्वाशेच्या आसपास, दोन्ही बाजूंना दुकानं आणि वर निळी ताडपत्री, म्हणजे सावली असते पण वारा नसतो. माकडं हातातली बाटली आणि कणीस बघूनच येतात, खाणं पिशवीत बंद ठेवा. आत जायला भारतीयांना 40 रुपये तिकीट.

मोठ्या लेण्याचं मुख्य दार उत्तरेला आणि सदाशिव, म्हणजे तीन मुखांची मोठी शिवमूर्ती, अगदी समोर दक्षिणेच्या भिंतीत, त्यामुळे उन्हातून थेट आत आलं की काही दिसत नाही. खांबापाशी दोन मिनिटं थांबून डोळे सरावू द्या, मग पुढे जा. वाटाडे सर्रास ‘ब्रह्मा-विष्णू-महेश’ सांगतात, तसं ते नाही. तिन्ही मुखं शिवाचीच. आपल्या डाव्या हाताचं अघोर मुख, मिशा, हातात साप. उजव्या हाताचं वामदेव, ओठ आणि गाल बाईसारखे कोवळे, हातात कमळ. मधलं डोळे मिटलेलं. फोटोसाठी सगळे मधोमध उभे राहतात, पण डावं आणि उजवं मुख नीट दिसतं ते बाजूला सरकल्यावर. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं तो आता बेटावर नाही. तो भायखळ्याला, राणीच्या बागेलगतच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी उभा आहे. बाग आणि संग्रहालय दोन्ही बुधवारी बंद, एवढं लक्षात ठेवून दोन्ही एका फेरीत करा. बागेचं तिकीट मोठ्यांना 50 रुपये.

हाजी अलीची वाट समुद्रातून जाते आणि मोठ्या भरतीला पाण्याखाली जाते. भरतीची वेळ काढायचा कोळ्यांचा जुना हिशेब आजही चालतो: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आगेमागे, आणि भरतीही सगळ्यात मोठी. म्हणजे अमावास्येच्या दुपारी बाराला तिथे पोचाल तर काठावर उभं राहून वाट बघावी लागेल. सकाळी लवकर जा किंवा चारनंतर. चौपाटीवरही हेच बघायचं. ओहोटीला पाणी लांब गेलं म्हणून मुलं आत आत जातात आणि परतीचं पाणी वाटतं त्याहून वेगाने येतं. पावसाळ्यात तर पाण्यात उतरूच नये.

पावसाळ्यात याच हिशेबाला धार येते. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एका वेळी आला की नाल्यांचं पाणी समुद्रात जात नाही आणि हिंदमाता, किंग्ज सर्कल, सायन-कुर्ला भाग तुंबतो. रूळही तिथेच बुडतात आणि मध्य, हार्बर दोन्ही अडतात. अशा दिवशी मुक्कामापासून चालत परत येता येईल एवढ्याच टप्प्यात फिरा, म्युझियम उरकून घ्या. घारापुरीच्या लाँचही खराब हवामानात बंद ठेवतात.

खाण्याचं फार नियोजन लागत नाही. वडापाव जिथे तळण ताजं निघतंय तिथे खा, गाडीचं नाव बघू नका. इराणी हॉटेलांपैकी धोबी तलावचं क्यानी 1904 पासून आहे. ब्रून मस्का (कडक पाव आणि लोणी) चहात बुडवूनच खायचा, नाहीतर टाळू सोलवटतो. मासे खायला दादर-गिरगावच्या मालवणी खानावळी साडेबाराच्या आत गाठा, दीडनंतर रांग असते आणि आधी सुरमई संपते. 1 जूनपासून मासेमारी बंद असते, त्या दिवसांत थाळीतली सुरमई बर्फातली असण्याची शक्यता जास्त. तेव्हा सुकट किंवा खाडीतले मासे मागावेत.