सायकल पाहून अंथरूण

शनिवार

या व्हॅनचं आम्हाला फिरतं घर करायचंय. तिच्यात आज फक्त दोन सायकली, एक मोजपट्टी आणि आम्ही दोघं. बाकी नुसता पत्रा. कॅम्परचे, म्हणजे अशा राहायच्या गाड्यांचे, आराखडे बघितले तर बहुतेक जण आधी पलंग आखतात, मग ओटा, मग कपाटं. सायकली राहतात बाहेर, मागच्या दाराच्या स्टँडवर. नवऱ्याचंही तेच चाललं होतं. "टांगू की मागे. सगळे टांगतात."

मग मी कागदावर हिशोब मांडला. दोन सायकली आणि स्टँड मिळून 45 किलो धरू. हे वजन मागच्या आसाच्या जवळजवळ दीड मीटर मागे लोंबणार. पुढच्या आणि मागच्या आसात अंतर 4 मीटर. म्हणजे मागच्या आसावर 45 नव्हे, साठेक किलोचा भार येतो आणि पुढचा आस पंधराएक किलोंनी उचलला जातो. गाडी फियाटची डुकाटो व्हॅन, इंजिनाचा जोर पुढच्या चाकांवर. ओल्या चढावर ज्या चाकांनी गाडी ओढायची, तीच हलकी करून ठेवायची, हे काही मला पटेना. शिवाय मागचं दार उघडायचं तर आधी सायकली उतरवा, दिवे आणि नंबरप्लेट झाकली जातात त्याची सोय करा, आणि पावसात रस्त्याची सगळी घाण चेनमध्ये. छतावर टाकल्या तर वारा अडून इंधन जास्त जातं आणि प्रत्येक कमानीखालून जीव मुठीत धरून जायचं.

हे सगळं त्याला पटवायला ठीक. माझं खरं कारण एवढंच, की सायकल बाहेर ठेवली तर मला रात्रभर झोप लागत नाही.

रविवार, रात्री

आजचा पूर्ण दिवस एका आकड्यानं खाल्ला: पलंगाची उंची.

सायकली पलंगाखाली उभ्या जाणार हे ठरलं, पण उभ्या म्हणजे किती उभ्या? आहे तशी ढकलली तर हँडलपर्यंत 105 सेमी. खाली सरकत्या ट्रेचे 7, वर चौकट आणि प्लाय मिळून 5, गादी 10. झाले 127. गाडीच्या आतली उंची 193. खाली-वर इन्सुलेशन (ऊन-थंडी अडवणारा थर) आणि प्लाय लावल्यावर उरतात 185. म्हणजे गादी आणि छत यांच्यात 58 सेमी. त्यात कूस बदलता येईल, पण रात्री पाणी प्यायला उठायचं तर सरपटत जावं लागेल.

मग पुढचं चाक काढून पाहिलं. 34 सेमी त्रिज्येचं चाक गेलं, त्या जागी फोर्क (चाक धरणारा दुपाखी दांडा) अडकवायला 8 सेमी उंचीचा ठोकळा आला, त्यामुळे सायकलचं तोंड 26 सेमी खाली. हँडल 79वर. आता सगळ्यात उंच सीट. तिचा दांडा उतरवला की 88. आपण 90 धरू. पलंग 112वर आला आणि डोक्यावर 73 सेमी मिळाले. ताठ बसायला माणसाला साधारण 90 लागतात, तेवढे नाहीतच, पण उशीला टेकून वाचता येईल. ताठ बसायला पुढे बाक आहे. चाक काढल्यानं सायकलची लांबीही 180वरून 145वर आली, हा वरचा फायदा.

आणखी उंच छताची गाडी घेतली असती तर हा खटाटोप वाचला असता, हे नवऱ्यानं दिवसभरात बऱ्याचदा ऐकवलं. उंच छत म्हणजे जास्त वारा आणि जास्त वजन, हे मी तेवढ्याच वेळा.

ताईचा फोन होता. "अगं, घर माणसांसाठी करतेस की सायकलींसाठी?"

"सायकलींसाठीच गं. आम्ही वर झोपणार फक्त."

बुधवार

झोपायचं आडवं. या गाडीची रुंदी आत 187 सेमी आहे, म्हणूनच तर तिच्यात आडवे पलंग करतात. पण दोन्ही बाजूंना इन्सुलेशन आणि प्लाय आला की 180च्या आत. मला भरपूर. नवऱ्याचे पाय टेकतात. म्हणून डोक्याच्या आणि पायाच्या जागी पातळ फोम आणि वर नुसतं कापड लावायचं ठरलं. तेवढे 3-4 सेमी मिळतात.

सायकली मात्र गाडीच्या लांबीत, मागच्या दाराकडून आत. दोन्हींची तोंडं एकाच दिशेला केली तर हँडलं एकमेकांत घुसतात. त्याची डोंगरी सायकल, हँडल 76 सेमी रुंद. माझं 42. एकीचं तोंड आत आणि दुसरीचं बाहेर केलं की एकीच्या हँडलासमोर दुसरीचं मागचं चाक येतं आणि 85 सेमीत दोन्ही मावतात. पेडल नडतं ते नडतंच. ते काढायला 15 मिमीचा पाना ट्रेलाच बांधून ठेवणार आहे. डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवायचं, नाहीतर ताकद लावून लावून ते आणखी आवळलं जातं.

चाकांवरच्या पत्र्याच्या उंचवट्यांमध्ये 142 सेमी जागा आहे. 85 ट्रेचे. उरलेल्या पट्टीत पाण्याची टाकी, हत्यारं आणि काढलेली चाकं, प्रत्येक चाक वेगळ्या पिशवीत. चाकावरच्या ब्रेकच्या डिस्कवर तेलाचा हात लागला की ब्रेक कुरकुरतो, म्हणून पिशव्यांवर तडजोड नाही. चाक काढलं की ब्रेकच्या पॅडमध्ये प्लास्टिकची चकती सारायची, हेही नवऱ्याला सांगून ठेवलंय. चकती नसताना चुकून लिव्हर दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग चाक बसवताना पाऊण तास वाद.

शनिवार

ट्रे. या एका वस्तूवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि ते योग्यच झालं असं माझं मत आहे.

12 मिमीचा प्लाय, 145 बाय 85, त्याचंच वजन दहा किलो. वर सायकली 27 किलोच्या, ठोकळे, पट्टे. चाळिशीत गेलं. बाहेर ओढला की हे सगळं वजन अधांतरी. ड्रॉवरच्या पट्ट्यांवर जो भार लिहिलेला असतो तो बंद खणाचा की पूर्ण ओढलेल्या खणाचा, हे नीट वाचावं लागतं. लांब पट्ट्यांत या दोन आकड्यांत बराच फरक पडतो. आम्ही 100 किलोच्या घेतल्या. नवऱ्याला पुढेमागे इलेक्ट्रिक सायकल घ्यायची आहे, ती एकटीच 24 किलोंच्या घरात असते.

वेल्डिंगवाले काका ट्रे बघून म्हणाले, "ओढायची सोय केलीत, पण अडवायची?" त्यांचा मुद्दा असा, की गाडी चढावर उभी असताना दार उघडलं तर चाळीस किलोंचा खण थेट छातीवर येईल. कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबला तर वस्तू वजनाच्या ऐंशी टक्के जोरानं पुढे ढकलली जाते, म्हणजे तीसेक किलोंचा धक्का; टक्कर झाली तर त्याच्या कितीतरी पट. म्हणून खण आत असताना दोन बाजूंना स्प्रिंगच्या खिट्ट्या, पूर्ण बाहेर आल्यावर आणखी एक, आणि समोर पत्र्याला धरून लोखंडी आडवी पट्टी. पट्टीचे बोल्ट प्लायमध्ये नाहीत, गाडीच्या सांगाड्यात. काकांनी एक खिट्टी बसवून दाखवली: खण आत ढकलला, टक् आवाज आला, मग दोन्ही हातांनी हिसका देऊन पाहिला. हलला नाही. मग पायानं. "आता करा दुसरी तुम्ही," म्हणाले आणि बाजूला बसले.

पत्र्यात पाडलेल्या प्रत्येक भोकाची कड कानशीनं घासायची, प्रायमर लावायचा, वाळू द्यायचा, मगच बोल्ट. कंटाळवाणं काम आहे. आणि ड्रिलचा लोखंडी कीस त्याच दिवशी झाडून काढायचा. कोपऱ्यात राहिला तर चार दिवसांत गंजतो आणि खालच्या रंगावर डाग सोडतो.

सोमवार

इन्सुलेशन लावून झालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, हात दुखतायत.

ओलाव्याचा मात्र विचार करावा लागला. बंद गाडीत दोन माणसं श्वास सोडतात, ती वाफ गार पत्र्यावर जाऊन पाणी होते. त्यात आमच्याकडे ओल्या सायकली, चिखलाचे बूट आणि घामाचे कपडे. खालची ओली जागा आणि वरची झोपायची जागा वेगळी ठेवायलाच हवी. पलंगाच्या पुढच्या बाजूला प्लायची पूर्ण भिंत, कडेला रबर, ये-जा फक्त मागच्या दारातून. ट्रेवर उंच काठाची रबरी चटई, एका कोपऱ्यात पाणी निघायला नळी. तळाला जाळी लावलेलं भोक, वर छतात 40 सेमीचा पंखा. झोपायच्या भागासाठी हवा बाकाखालच्या वेगळ्या जाळीतून येईल. चेनच्या तेलाचा वास काही लोकांना आवडतो म्हणे. मला उशीजवळ नको.

गुरुवार

नवऱ्याच्या होऊ घातलेल्या इलेक्ट्रिक सायकलवरून विजेचं गणित. तिची बॅटरी 500 वॉट-तासांची. इन्व्हर्टर आणि चार्जरमधली गळती धरून भरायला 600 लागतील. आमची घरची बॅटरी 100 अँपिअर-तासांची, 12.8 व्होल्टची, म्हणजे 1280. एक सायकल भरली की जवळपास निम्मी संपली. फ्रिज, दिवे, पंखा उरलेल्यावर. त्यामुळे नियम असा केला, की सायकल गाडी चालू असतानाच भरायची. इंजिनावर वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरवरून 30 अँपिअरचा चार्जर सुमारे 400 वॉट देतो, दीड तासाच्या प्रवासात तेवढी भरपाई होते. कडाक्याच्या थंडीत सायकलची बॅटरी आत घ्यायची, कारण शून्याखाली लिथियम बॅटरी चार्ज केली तर ती कायमची खराब होते. चार्जिंगची जागा बाकाखाली केली, डोळ्यांसमोर.

तो म्हणाला, "मग दोन बॅटऱ्या बसवू." मी म्हटलं, आधी सायकल तर येऊ दे.

शनिवार

टाकी, बाक आणि ओटा कायमचे आवळण्याआधी गाडी वजनकाट्यावर नेली. टाकीत 70 लिटर पाणी भरलं, सायकली आत, आम्ही दोघं आत. एकेक आस वेगळा घेतला आणि मग डावी-उजवी बाजू. मागचा आस मर्यादेच्या आत आहे, पुढच्यावरही पुरेसं वजन आहे. पण उजवी बाजू डावीपेक्षा 60 किलोंनी जड. पाणी, ओटा आणि बॅटरी एकाच बाजूला आल्यावर दुसरं काय होणार. बॅटरी डावीकडे बाकाखाली गेली तर केबल दीड मीटर वाढते आणि जाडी बदलावी लागते. टाकी हलवली तर ट्रे उजवीकडे सरकवावा लागेल, आणि खिट्ट्यांची भोकं पाडून झाली आहेत. बॅटरीच हलवू. 50 चौरस मिमीची तांब्याची केबल आणि तिची टोकं दाबायचं यंत्र काकांकडे मिळेल का, उद्या विचारते.