नमनाला घडाभर तेल

पाच हजार अक्षरं. शब्द नव्हेत, अक्षरं. आणि दोन शब्दांमधली मोकळी जागासुद्धा मोजून. पीए म्हणजे फिजिशियन असिस्टंट, डॉक्टरांच्या जोडीने पेशंट तपासणारा, औषध लिहून देणारा. पीए स्कूलच्या अर्जात ‘मला फिजिशियन असिस्टंट का व्हायचंय’ हे एवढ्यात बसवायचं असतं. माझा पहिला खर्डा अकरा हजारांच्या पुढे गेला. त्यात आजोबांचा दमा होता, बी.एस्सी.ची मायक्रोबायोलॉजीची लॅब होती, लग्नानंतर अमेरिकेत येऊन डिपेंडंट व्हिसावर घरात काढलेली वर्षं होती. नवऱ्याने वाचून कागद खाली ठेवला. “पीए हा शब्द चौथ्या परिच्छेदात उगवतोय. नमनालाच घडाभर तेल घातलंयस.”

दोन दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी आजोबा कापले.

इथले बहुतेक अर्ज कास्पा नावाच्या एकाच पोर्टलवरून जातात. एप्रिलच्या शेवटी ते उघडतं आणि बऱ्याच शाळा अर्ज येतील तसतसे वाचत, इंटरव्ह्यूला बोलवत जातात. त्यामुळे शेवटची तारीख बघून निवांत बसलेला माणूस रांगेत मागे पडतो. भारतातल्या डिग्रीचं मूल्यमापन करून घेतलं तरी बहुतेक शाळांना अ‍ॅनाटमी, फिजिऑलॉजी, केमिस्ट्री हे विषय अमेरिकेतल्या कॉलेजचे हवे होते. म्हणून वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी मी कम्युनिटी कॉलेजात अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांशेजारी बसले. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत सी आला. पुन्हा बसून ए काढला, पण कास्पा दोन्ही ग्रेड धरून सरासरी काढतं. म्हणजे सी काही पुसला जात नाही, घरातल्या जुन्या भांडणासारखा तिथेच राहतो.

आणि पेशंट केअरचे तास. नुसतं हॉस्पिटलात वावरून भागत नाही, पेशंटला प्रत्यक्ष हात लागलेला असावा लागतो. मी सीएनए, म्हणजे सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंटचा कोर्स करून एका नर्सिंग होममध्ये रात्रपाळी धरली. दर दोन तासांनी कूस बदलायची, म्हणजे बेडसोअर होत नाहीत. उठवताना कमरेला गेट बेल्ट बांधायचा, म्हणजे पेशंट पडत नाही आणि आपली पाठही वाचते. एक आजोबा रोज रात्री तीनला बेल वाजवून मोजे मागायचे. मोजे पायातच असायचे. मी ते काढायचे, झटकायचे, परत घालायचे. इंटरव्ह्यूत “पेशंटकडून काय शिकलात?” विचारलं तेव्हा मी मोजे सांगितले, तेही तीन वाक्यांत. तोवर थोडी सुधारणा झाली होती.

सत्तावीस महिन्यांचा कोर्स. पहिलं वर्षभर वर्ग. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आठवड्याला दोन-तीन परीक्षा, डोळ्यांखाली काळं, फ्रीजवर चिकटवलेले औषधांचे तक्ते. एसीई इन्हिबिटर या जातीच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांमुळे कोरडा खोकला होऊ शकतो, हे मी त्याच तक्त्यावरून घोकलं आणि पेपरात बरोबर लिहिलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरं वर्ष रोटेशन्सचं, म्हणजे एकेका विभागात जाऊन प्रत्यक्ष काम शिकायचं. फॅमिली मेडिसिन, इंटर्नल, इमर्जन्सी, पेडियाट्रिक्स, विमेन्स हेल्थ, मानसिक आजार, सर्जरी. चार-पाच आठवडे झाले की बाडबिस्तरा उचलून दुसरीकडे, आणि निघताना एकशेवीस प्रश्नांची परीक्षा. माझं पहिलं रोटेशन फॅमिली मेडिसिन. साठीच्या एक बाई, सहा आठवडे खोकला. मी आत जाऊन पंचवीस मिनिटं बोलले. मग बाहेर येऊन प्रीसेप्टरसमोर, म्हणजे तिथे मला शिकवणाऱ्यांसमोर, उभी राहिले आणि सुरू झाले. बाई आधी कुठे नोकरीला होत्या, घरात मांजर कधी आलं, मुलीचं लग्न, खोकला रात्री जास्त की सकाळी, ताप नाही, वजन उतरलेलं नाही, मग छाती, मग नाक-घसा...

त्यांनी हात वर केला. “एका वाक्यात.”

मला जमेना. तोंड उघडलं की मांजरच बाहेर यायचं.

“औषधं कोणती चालू आहेत?”

“ब्लडप्रेशरसाठी लिसिनोप्रिल.”

“कधीपासून?”

“दोन महिने.” हे म्हणता म्हणताच माझे कान तापले. लिसिनोप्रिल म्हणजे तक्त्यावरचं एसीई इन्हिबिटरच. कागदावर ते होतं. सगळ्यात खाली, मांजराच्याही खाली, मीच लिहिलेलं. त्यांनी गोळी बदलून लोसार्टन दिली आणि खोकला जायला काही आठवडे लागतील हे बाईंना नीट समजावलं. मला खोलीबाहेर एवढंच म्हणाले, “तुला उत्तर माहीत होतं. तू त्यावर गोष्टीचं पांघरूण घातलंस.”

घरी येऊन मी आरशासमोर सराव सुरू केला. ‘साठ वर्षांच्या बाई, उच्च रक्तदाब, सहा आठवडे कोरडा खोकला, दोन महिन्यांपूर्वी लिसिनोप्रिल सुरू.’ एका वाक्यात निदान जवळजवळ येऊनच बसतं. पण एक सांगते, त्या बाईंना मी मध्येच तोडलं असतं तर गोळी कधी सुरू झाली ते कळलंच नसतं. मुलीच्या लग्नाआधी की नंतर, असं आठवूनच त्यांनी महिना सांगितला होता. पेशंटने पाल्हाळ लावायलाच हवा. काटछाट करायची ती माझ्या तोंडी.

सर्जरीत बोलायचा प्रश्नच नव्हता. पहाटे पाचला राउंड, मग छेदाच्या कडा बाजूला ओढून धरणारा रिट्रॅक्टर धरून उभं राहायचं. पहिल्याच आठवड्यात मी हात धुऊन, गाऊन घालून, निर्जंतुक होऊन उभी राहिले आणि सवयीने चष्मा वर सरकवला. स्क्रब नर्सने काही न बोलता दाराकडे बोट दाखवलं. पुन्हा पहिल्यापासून स्क्रब. घरी ड्रॉवरच्या मुठीला दोरा बांधून मी गाठी मारत बसायचे. चौथ्या आठवड्यात दुर्बिणीतून पित्ताशय काढून झाल्यावर सर्जनने नीडल होल्डर माझ्या हातात दिला. बेंबीजवळचा छेद, जेमतेम दीड सेंटिमीटर, आणि फोर-ओ मोनोक्रिल, म्हणजे आपोआप विरघळणारा बारीक दोरा. कातडीच्या आतल्या आतून सुई न्यायची, एकदा या कडेला, एकदा त्या, आणि दोरा ओढला की दोन्ही कडा ओठांसारख्या मिटतात. माझ्या कडा पहिल्यांदा मिटल्या नाहीत, एक बाजू वर राहिली. त्यांनी दोरा कापला. “पुन्हा.” दुसऱ्यांदा मिटल्या.

मावशी मात्र अजून विचारते, “म्हणजे डॉक्टरांचा कंपाउंडर ना गं?” पूर्वी मी तिला 1965 साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलातले चार कोअरमन, म्हणजे तिथले वैद्यकीय मदतनीस, घेऊन हा अभ्यासक्रम कसा सुरू केला इथपासून सांगायचे. युद्धकाळात डॉक्टर थोड्या वर्षांत तयार करता येतात हे त्यांनी पाहिलं होतं, तोच नमुना. मावशीला त्यात काडीचा रस नव्हता. आता सांगते, “मी पेशंट तपासते, निदान करते, औषध लिहून देते, अडलं तर डॉक्टरांना विचारते.” 2021 साली पीएंच्या इथल्या संघटनेने ‘असिस्टंट’ऐवजी ‘असोसिएट’ हे नाव घेतलं, ते कदाचित अशा मावशांसाठीच. माझ्या बिल्ल्यावर अजून जुनंच आहे आणि माझं त्यावाचून काही अडलेलं नाही.

शेवटची परीक्षा पॅन्स, पीए म्हणून काम करण्यासाठी द्यावी लागणारी. तीनशे प्रश्न, साठ-साठचे पाच गठ्ठे, प्रत्येकाला एक तास, फी साडेपाचशे डॉलर. तिसऱ्या गठ्ठ्यात खोकल्याचा प्रश्न आला. मी पर्याय वाचायच्या आधी औषधांची ओळ शोधली.

निकाल लागला त्या रात्री आईला फोन केला. ती रडली, मग सावरून म्हणाली, “बरं झालं बाई, आता तुलाच विचारते. शेजारच्या काकूंना चक्कर येतेय. काय झालं, गेल्या दिवाळीत त्यांच्या धाकट्या जावेचा...”

“आई, औषधं कोणती चालू आहेत त्यांना?”

“अगं, आधी ऐकशील का?”

मी खुर्ची ओढून बसले. जावेपासून औषधांपर्यंत यायला तिला चाळीस मिनिटं लागली.