हाती एक्के आणि समोर पत्ते न टाकणारे खेळाडू

लहानपणापासून तीन पत्ती खेळल्यामुळे हाती भारी पत्ते आले की ते लपवायचे, हळूच चाल करायची आणि समोरच्याला आत ओढायचे, ही सवय माझ्या अंगात मुरली होती. पणजीला मांडवीतल्या एका कॅसिनो बोटीवर होल्डेम पोकर (प्रत्येकाच्या हाती दोन पत्ते, आणि टेबलावर सगळ्यांसाठी सामाईक पाच) खेळू लागलो, तेव्हा हीच सवय मला महागात पडली.

टेबल 100-200 ब्लाइंडचे होते, म्हणजे दर डावाला दोघांना पत्ते पाहण्याआधीच एवढी रक्कम भरावी लागे. एक्क्यांची जोडी आली, जी सरासरी 221 डावांत एकदाच येते. गिऱ्हाईक पळू नये म्हणून मी जेमतेम 400 लावले आणि चौघे आत आले. एकाच प्रतिस्पर्ध्याच्या कुठल्याही पत्त्यांपुढे एक्के सुमारे 85 टक्के वेळा जिंकतात. चौघांपुढे हे प्रमाण 56 टक्क्यांच्या आसपास उतरते. फ्लॉपवर, म्हणजे उघडलेल्या पहिल्या तीन सामाईक पत्त्यांत, दोन बदाम असूनही मी चेक केले, म्हणजे काहीच लावले नाही. टर्नला, म्हणजे चौथ्या पत्त्याला, तिसरे बदाम फुकटात पडले, समोरच्याचे पाच बदाम जुळले आणि डाव गेला.

त्या रात्री खोलीवर बसून हिशेब मांडला, तेव्हा लक्षात आले की जो खेळाडू पत्ते टाकतच नाही, म्हणजे डाव सोडतच नाही, त्याला फसवण्याची गरजच नसते. त्याच्याकडून प्रत्येक पत्त्याची पूर्ण किंमत घ्यायची असते.

दुसऱ्या दिवशी माझ्या डावीकडे एक वयस्कर काका बसले होते. पाळी येण्याआधीच ते चिप्स बोटांत खेळवायचे आणि 'बघूया' म्हणत जवळजवळ प्रत्येक डावात यायचे. मला राजांची जोडी आली. तिघे फक्त 200 भरून आत आल्यामुळे मी थेट 1,400 लावले आणि काकांसह दोघे उरले. पॉट, म्हणजे मध्ये जमलेली रक्कम, 4,700 झाला. फ्लॉप आला राणी, अठ्ठी, तिर्री, त्यात दोन बदाम. मी 3,000 लावले. बदामांची वाट पाहणाऱ्याला हवा तो पत्ता टर्नला 47 पैकी 9 वेळा, म्हणजे सुमारे 19 टक्के वेळा मिळतो. 3,000 भरून 10,700 च्या पॉटसाठी खेळायचे, तर या किमतीला मात्र त्याला 28 टक्के शक्यता हवी असते. 'बघूया', काका म्हणाले. टर्नला निरुपद्रवी दुर्री आली, तरीही मी 7,000 लावले आणि रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पाचव्या पत्त्याला, त्यांच्या उरलेल्या चिप्सही मागितल्या. त्यांच्याकडे राणी आणि गुलाम होते. राणीची एक जोडी त्यांना सोडवत नव्हती. मी आदल्या दिवसासारखा दबून खेळलो असतो, तर त्याच पत्त्यांवर मला याचा चौथा हिस्साही मिळाला नसता.

अशा खेळाडूला मी आता कधीच ब्लफ करत नाही, म्हणजे हलक्या पत्त्यांवर मोठी रक्कम लावून घाबरवत नाही, कारण तो पत्ते टाकेल या आशेवर लावलेली चिप वायाच जाते.

सर्वांत अवघड होते ते थांबणे. काकांनी नव्याने चिप्स घेतल्यावर तासाभराने मला पुन्हा एक्के आले. फ्लॉपला ते 'बघूया' म्हणाले. टर्नला माझ्या 5,000 वर त्यांनी, एक शब्दही न बोलता, 15,000 ठेवले. संध्याकाळभर नुसते कॉल करणारा, म्हणजे समोरच्याइतकेच भरणारा माणूस अचानक रेज करतो, म्हणजे रक्कम वाढवतो, तेव्हा एका जोडीला अर्थ उरत नाही. बराच वेळ विचार करून मी एक्के टाकले. काकांनी आपणहून पत्ते उलटले: दोन चौक्या, आणि टेबलावरच्या पत्त्यांत तिसरी.