मिक्सर बदलू की कपलर?

घरात सामान कमी ठेवते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग जुनी वस्तू बदलायची की वापरत राहायची, हे कसं ठरवता? चांगलं नवं मॉडेल आलं तरी घ्यायचंच नाही का? तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते, आणि स्वयंपाकघरापासून सांगते, कारण हा प्रश्न मला सगळ्यात जास्त तिथेच पडतो.

सामान कमी असलं म्हणून मोडकं चालतं, असं मुळीच नाही. ज्यांच्याकडे तीन कढया आहेत त्यांना एखादी बुडाला लागणारी कढई चालून जाते. माझ्याकडे एकच आहे, ती नीटच हवी. मिक्सर बंद पडला तर सकाळी खोबरं वाटायचं कशात? त्यामुळे बदलायला मी कचरत नाही. फक्त नेमकं काय बदलायचं ते आधी शोधते. बहुतेक वेळा वस्तूतला एखादा भाग झिजलेला असतो आणि आपण अख्खी वस्तू निकालात काढतो.

मिक्सरचंच घ्या. बटण फिरवलं की मोटर घुमते, पातं जागचं हलत नाही, जळक्या रबराचा वास येतो, भांडं उचललं तर खाली काळा भुगा. घरातले एका सुरात म्हणतात, ‘गेला मिक्सर.’ अहो, मोटर फिरतेय ना! गेलाय तो कपलर. मोटरच्या दांड्यावर बसवलेली ती दातेरी चकती, जिच्यात भांड्याखालचा जोड अडकतो. ती मुद्दाम मऊ ठेवलेली असते. भांड्यात काही अडकून पातं थांबलं तर आधी तिचे दात जावेत आणि मोटर वाचावी, यासाठी. दुरुस्तीवाले काका ती उलट दिशेने फिरवून काढतात, कारण चालताना ती सैल होऊ नये म्हणून तिचे आटे उलटे असतात. एकदा त्यांच्या शेजारी उभं राहून बघितलं की घरी प्लग काढून आपल्यालाही जमतं. खर्च किरकोळ. हवेच्या जाळीतून भरपूर ठिणग्या दिसत असतील तर बहुधा कार्बन ब्रश, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे छोटे तुकडे, संपत आलेले असतात, तेही स्वस्तात मिळतात. वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, जळलं असेल तर मात्र दुरुस्तीचा आकडा विचारते, आणि तो नव्या मिक्सरच्या निम्म्यावर गेला तर नवा घेते. निम्म्याची ही रेघ मी माझ्यापुरती आखली आहे. तुमची वेगळी असू शकेल, पण रेघ आधीच आखलेली बरी. दुकानात उभं राहून आखली की ती आपल्याला हवी तशी सरकते.

काही ठिकाणी ही काटकसर मी अजिबात करत नाही. कुकरची रिंग कडक झाली, कडेने वाफ जायला लागली की लगेच नवी, आणि त्याच कंपनीची. सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये कमी तापमानाला वितळणारा धातू असतो. पाणी आटलं, कुकर तापला की तो वितळतो आणि वाफेला वाट मिळते. तो उडाला म्हणून काहीतरी ठोकून भोक बुजवलेले कुकर मी पाहिले आहेत. कृपा करून असं करू नका. कुकरची कड चेपली किंवा बूड फुगलं तर तो भंगारात. नवा घेताना आयएसआयची खूण आणि आयएस 2347 हा क्रमांक बघून घ्या. गॅसची नळीही तशीच. ‘अजून चांगली दिसतेय’ म्हणत ती वर्षानुवर्षं चालवायची नसते. केशरी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायला सांगतात, म्हणजे बदलायचीच. हेल्मेटने एकदा जोरात मार खाल्ला की त्याचंही काम संपलं, वरून चरा दिसो वा न दिसो.

आता चालू वस्तू असताना नवी घ्यायची का? इथे मी वापराचे तास मोजते. छताचा जुना पंखा साधारण 75 वॅट घेतो, बीएलडीसी पंखा, म्हणजे ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, 30 वॅटच्या आसपास. म्हणजे 45 वॅटचा फरक. झोपायच्या खोलीतला पंखा रोज 12 तास, वर्षातले दहा महिने चालला तर 160 युनिट वाचतात. युनिट आठ रुपयांनी धरलं तर जवळजवळ तेराशे रुपये. पंखा तीन हजारांना पडला तर अडीच वर्षांच्या आत पैसे वसूल. म्हणून तो पंखा चालू स्थितीत असतानाही मी बदलला. पाहुण्यांच्या खोलीतला मात्र जुनाच आहे. तो दिवसाला सरासरी तासभर चालत असेल. तिथे तेच तीन हजार वसूल व्हायला वीस वर्षांहून जास्त लागतील. एकाच घरात, एकाच कंपनीचे दोन पंखे, आणि उत्तरं दोन. म्हणून कोणी नुसतं ‘पंखा बदलू का?’ विचारलं की मी उलट विचारते, कुठल्या खोलीतला?

फोनच्या बाबतीत कॅमेरा किती मेगापिक्सेलचा झाला याकडे मी बघतच नाही. बॅटरी दुपारीच संपत असेल तर बॅटरी बदलते. साधारण पाचशे वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर ती बरीच दमते, फोन तोवर ठणठणीत असतो. पण कंपनीने सुरक्षेचे अपडेट देणं बंद केलं की तो फोन माझ्यासाठी संपला, कारण बँक आणि यूपीआय त्यातच आहे. तिथे जिवापाड जपलेला जुना फोन अंगाशी येऊ शकतो.

कपडे, चपला यांचं फार लांबण लावत नाही. सोल नवा बसत असेल तर मोच्याकडे, नाहीतर निरोप.

पण तो निरोप खरंच द्यायला हवा, हे मला अगदी कळकळीने सांगायचं आहे. नवं घेतलं की आपल्याकडे जुनं माळ्यावर जातं. ‘असू दे, लागेल कधीतरी.’ मग नवा मिक्सर ओट्यावर, जुना माळ्यावर, त्याची भांडी तिसरीकडेच. याला बदलणं कसं म्हणायचं? ही तर भर पडली. माझा नियम असा, की नवी वस्तू ज्या दिवशी येणार त्याच दिवशी जुनी बाहेर, आणि ती कुठे जाणार हे पैसे देण्याआधी ठरलेलं हवं. चालू असेल तर गरज असलेल्या घरी. बंद असेल तर ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात, ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यात नव्हे. जागा ठरत नसेल तर खरेदी थांबते. कपड्यांना बोहारणीची सोय अजूनही चांगली आहे, फक्त बदल्यात घरात एक नवं पातेलं येतं याची आठवण ठेवा. मी हल्ली आधी जुनं पातेलं देऊ करते.

सध्या आमचा फ्रीज रांगेत आहे. कॉम्प्रेसर पूर्वीपेक्षा जास्त वेळ चालू राहतो. दारात कागदाची पट्टी अडकवून ओढून पाहिली. वर घट्ट बसते, खालच्या कोपऱ्यात सहज निघून येते, म्हणजे दाराचं रबर तिथे सैल आहे. त्यावरचे पाच तारे पाहून शेजारच्या ताई म्हणाल्या, ‘पाच स्टार आहे की, मग कशाला चिंता?’ पण वीजबचतीच्या ताऱ्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात, तेव्हाचे पाच तारे आजचे पाच नसतात. म्हणून आधी रबर बदलून घेणार, मग वीज मोजणारा प्लग लावून दिवसाला किती युनिट जातात ते बघणार. आकडा उतरला तर हाच फ्रीज. नाही उतरला तर नवा, आणि तो लहान घ्यायचा आहे, कारण आता घरात आम्ही दोघंच असतो.