मोकळी ट्रॉली आन भरलेली ट्रॉली

आज ऊस घेऊन कारखान्यावर गेलो, रांगेत थांबल्यावर पुतण्यानं इचारलं, काका, 2023 ला बाकूच्या फॉर्म्युला वन कार रेसला फेरारीचा ड्रायव्हर लेक्लेर पोलवर, म्हंजी सगळ्यात पुढं उभा होता, मग तिसरा कसा काय आला? म्हणलं आपल्या भरलेल्या ट्रॉलीच्या टायरला हात लाव. झटकन मागं घेतला त्यानं! क्वालिफायिंगला, म्हंजी रेसआधी नंबर ठरवायला, दोन-चार लॅपपुरतं (ट्रॅकच्या फेऱ्यांपुरतं) पेट्रोल, नवे सॉफ्ट म्हंजी मऊ टायर, एक लॅप जीव तोडून पळवायची, पण रेस साधारण 300 किलोमीटरची, सुरुवातीलाच 100 किलोच्या आसपास इंधन अंगावर, त्यात टायर तापून घसरायला लागले की ड्रायव्हर कितीबी भारी असू द्या, सांभाळूनच चालवावं लागतं. फेरारी त्या वर्षी टायर लवकर खायची. लई वाईट वाटायचं लेक्लेरसाठी, पाच पोल आन जिंकली एकबी रेस नाही. वजनकाट्यावर नंबर येईपर्यंत पुतण्या प्रत्येक ट्रॉलीचे टायर हात लावून बघत होता.